तडतड थांबली की

फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर मों-सॅं-मिशेल नावाची एक खडकाळ टेकडी आहे. मोठी भरती आली की तिचं बेट होतं. वर मोठा मठ, खाली एकच चिंचोळा रस्ता, आणि त्या रस्त्यावर १८८८ साली आनेत पुलार या बाईंनी नवऱ्याच्या साथीनं काढलेली खानावळ. बाई मूळच्या नेव्हेर गावच्या. मठाची डागडुजी करणाऱ्या वास्तुविशारदाच्या घरी कामाला म्हणून त्या इथे आल्या आणि पाववाल्याच्या मुलाशी लग्न करून इथल्याच झाल्या. मठाच्या दर्शनाला येणारे लोक भरती-ओहोटीच्या वेळा बघून यायचे, म्हणजे जेवणाच्या वेळा सोडून कधीही टपकायचे. आलेल्या भुकेल्या माणसापुढे मुख्य जेवण होईपर्यंत काय ठेवायचं, तर ऑम्लेट. बाईंचं ऑम्लेट इतकं गाजलं की त्यात त्या काय घालतात यावर पैजा लागल्या. कुणी म्हणे साय, कुणी म्हणे कोंबड्याच खास आहेत. शेवटी १९२२ साली एका गृहस्थांनी सरळ पत्र लिहून विचारलं. बाईंनी उत्तर पाठवलं: चांगली अंडी फोडते, छान फेटते, तव्यात लोण्याचा बरा गोळा टाकते, त्यावर अंडी ओतते आणि तवा सारखा हलवत राहते. आपल्याला ही कृती आवडली तर आनंद होईल. खाली सही.

संपलं. अंडी किती, लोणी किती, आच केवढी, थांबायचं कधी, अक्षर नाही. दिवाळीत शेजारच्या काकूंना चकलीची कृती विचारली की त्या म्हणतात, "काही नाही हो, भाजणी तेवढी चांगली हवी." त्याच घराण्यातलं हे उत्तर. आणि ते वाचून ज्याला वाटतं, अरे, एवढंच ना, मग आपणही करू, तो माणूस फसतो. मला तसंच वाटलं.

अर्थात मी करायला घेतलं ते पुलारबाईंचं ऑम्लेट नव्हे. त्यांचं प्रकरण वेगळं: तांब्याच्या भांड्यात फेटून फेटून फेस आणलेलं, लांब दांड्याच्या तव्यात, लाकडाच्या जाळावर, उशीसारखं फुगणारं. ते आमच्या ओट्यावर करायचं तर आधी सोसायटीची परवानगी काढावी लागेल. मी घेतलं ते फ्रेंच स्वयंपाकघरातलं साधं, गुंडाळीचं. एका माणसाला तीन अंडी, चिमूटभर मीठ, लोणी. वर एकही डाग पडता कामा नये, रंग फिकट पिवळा, आकार लांबट, दोन्ही टोकं निमुळती. आत मऊ, ओलसर, जवळजवळ वाहतं. ऑग्युस्त एस्कॉफिए या थोर स्वयंपाक्यानं १९०३ च्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्म सांगून ठेवलंय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं, की ऑम्लेट म्हणजे हलवून केलेली मऊ अंडी, जी घट्ट झालेल्या अंड्याच्याच पातळ पांघरुणात गुंडाळलेली असतात. म्हणजे आत भुर्जी, बाहेर ऑम्लेट, आणि दोन्ही एकाच तव्यात, एकाच वेळी, मिनिटाच्या आत.

आता आमच्या घराबद्दल. अंड्याला आमच्याकडे प्रवेश आहे, मुक्कामाची परवानगी नाही. मी, बायको आणि मुलगी खातो, आई खात नाही. अंड्याचा तवा, उलथनं आणि एक वाडगा यांचा संसार गॅलरीत, कुंड्यांच्या मागे. श्रावण, चतुर्थी, एकादशी आणि ज्या दिवशी आईला नुसतंच "आज नको" वाटेल तो दिवस, एवढे सोडून बाकी वर्ष मोकळं. ही व्यवस्था कुणी लिहून दिलेली नाही, पण बऱ्याच लेखी राज्यघटनांपेक्षा ती चोख चालते.

आणि ऑम्लेट म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर येतं ते स्टेशनबाहेरच्या गाडीवरचं. स्टीलच्या ग्लासात बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, वर दोन अंडी, चमच्याची खडखड, आणि तापल्या तव्यावर टाकल्याबरोबर जो चर्र आवाज होतो त्यानं अर्धं पोट भरतं. मग कडा तांबूस, जाळीदार, मधे पाव उघडा करून दाबलेला. त्या ऑम्लेटात अंड्याला स्वतःची अशी फारशी जबाबदारी नसते. कांदा आहे, मिरची आहे, गाडीवाल्याच्या तव्यानं वर्षानुवर्षं कमावलेलं पुण्य आहे. गोव्यात तर त्याच्यावर शाकुतीचा रस ओततात आणि रस-ऑम्लेट म्हणून पावाबरोबर खातात. तिथे अंडं जवळपास निमित्तालाच उरतं. आपण याच्याही पुढे गेलो आहोत. बेसन, टोमॅटो, कांदा कालवून तव्यावर घातलं की आपण त्याला बेधडक टोमॅटो ऑम्लेट म्हणतो. त्यात अंड्याचा अंशही नसतो, आणि आजवर ग्राहक मंचात कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

फ्रेंच ऑम्लेटात लपायला जागाच नाही. गर्दी काढून घेतली की राहतं अंडं, लोणी आणि तुमचा हात. पैकी अंडं बाजारात मिळतं. हाताचा प्रश्न सुटेना म्हणून मी जुलिया चाइल्ड या अमेरिकन बाईंना शरण गेलो. १९६१ साली त्यांचं फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या एका टीव्ही केंद्रावर पुस्तकावर गप्पा मारायला बोलावलं, तर या शेगडी, तवा आणि अंडी घेऊन गेल्या आणि गप्पांच्या मधेच ऑम्लेट करून दाखवलं. लोकांची पत्रं आली, आणि त्यातून १९६३ मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध कार्यक्रम सुरू झाला. त्यांची पद्धत अशी, की तवा स्वतःकडे झटक्यानं ओढायचा, म्हणजे अंडी पलीकडच्या कडेवर आदळून आपोआप गुंडाळली जातात. हा झटका जमायला त्या एक उपाय सांगतात: तव्यात थोडा सुका घेवडा घ्या, घराबाहेर जा आणि सराव करा.

बाईंना अंगण असणार. मला गॅलरी आहे, आणि घरात सुका घेवडा नव्हता म्हणून राजमा घेतला. तिसऱ्या मजल्यावरून झटका देणाऱ्या माणसाचा राजमा कुठे जातो हे पुस्तकात दिलेलं नाही. खालच्या काकांनी वर बघून फक्त एवढंच विचारलं, "वाळवण घातलंय का?" मी हो म्हटलं. यापुढे झटका बाद, काटा आणि मनगट यांवर भागवायचं असं ठरलं. फ्रान्समधले कित्येक स्वयंपाकीही तसंच करतात.

मग उरला लोण्याचा प्रश्न. बाजारातलं पिवळं लोणी खारट. ते घातलं तर अंड्यात मीठ घालायचं की नाही, घातलं तर किती, हा हिशेब करावा लागतो. फ्रेंच स्वयंपाकात अशा कामाला बहुधा बिनमिठाचं लोणी घेतात आणि तेही मलईला विरजण लावून, ती जरा आंबवून काढलेलं. त्यामुळे त्याला एक हलकासा आंबूस वास असतो. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि फ्रिज उघडला. सायीला विरजण लावून, घुसळून काढलेलं, बिनमिठाचं पांढरं लोणी आमच्या फ्रिजमध्ये पाण्यात तरंगत होतं. फ्रान्सहून मागवायला गेलो तर खिसा रिकामा होईल अशी ती वस्तू आई दर आठवड्याला करते आणि बिनबोभाट कढवून टाकते.

अडचण एवढीच, की ते लोणी तुपासाठी होतं, आणि त्या तुपातलं पहिलं देवाच्या निरांजनात जातं.

"आई, थोडं लोणी देतेस?"

"कशाला?"

खरं सांगणं भाग होतं. आई बाहेर वाती वळत बसली होती. हातातली वात पूर्ण झाल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही बाजारातलं आणता ना त्याला?"

मी तिला फ्रान्समधल्या आंबवलेल्या मलईची हकिकत सांगितली. फ्रेंच कायद्यानं लोण्यात कमीत कमी ८२ टक्के स्निग्धांश लागतो आणि पाणी जास्तीत जास्त १६ टक्के चालतं, हेही सांगितलं. माझ्या बोलण्यातलं तिला नेमकं तेवढंच पटलं नाही. "आपल्या लोण्यात पाणी जास्त असतं," ती म्हणाली, "तडतडेल खूप." म्हणजे परवानगी मिळाली होती. अटी होत्या: लोणी तीच काढून देणार, गॅलरीतल्या वाटीत, आणि ती वाटी आत परत येणार नाही.

तवा तापायला ठेवला, सपाट बुडाचा आणि उतरत्या कडांचा. पोळीच्या तव्याला मधे किंचित खोलगट असतं, अंडी सगळी तिथेच जमतात, म्हणून तो नाही. लोण्याचा गोळा टाकला. आधी तो गुपचूप घसरला, कडेनं पारदर्शक झाला, मग तडतड सुरू झाली. पांढरा फेस, मोठे मोठे बुडबुडे. पुस्तकात लिहिलं होतं, फेस ओसरायला लागला की अंडी ओता. पण घरच्या लोण्याला फेस इतका, की ओसरतोय की वाढतोय तेच कळेना. मी वाकून बघत होतो, चष्म्यावर वाफ बसत होती.

"आत्ता नाही," बाहेरून आवाज आला.

आईची पाठ माझ्याकडे होती. अंड्याच्या कामात ती बघत नाही. मी काटा खाली ठेवला.

"अजून पाणी आहे. आवाज ऐक ना."

तिचं बरोबर होतं, आणि शास्त्राचंही तेच म्हणणं आहे. लोण्यातलं पाणी उकळत असेपर्यंत तव्यातली उष्णता शंभर अंशांच्या आसपास अडकून राहते. पाणी संपलं की तडतड पडते आणि तिथून पुढे उष्णता भराभर चढते. मग खाली बसलेले दुधाचे कण आधी सोनेरी आणि मग तपकिरी होतात, म्हणजे आपली बेरी. तूप करणारा माणूस बेरीपर्यंत जातो, तिचा खमंग वास यायची वाट बघतो. फ्रेंच लोकही काही पदार्थांत मुद्दाम तिथवर जातात. पण डाग नसलेलं ऑम्लेट हवं असेल तर तुम्हाला तडतड थांबल्यानंतर आणि बेरी लागण्यापूर्वी, त्या मधल्या काही क्षणांत अंडी ओतायची असतात. जगातल्या सगळ्या पाकपुस्तकांनी हा क्षण डोळ्यांनी ओळखायला सांगितलाय. आई तो गेली पन्नास-पंचावन्न वर्षं कानानं ओळखते, तूप बिघडू नये म्हणून.

बुडबुडे बारीक झाले. आवाज आधी विरळ झाला, मग अगदी बारीक कुजबुजीवर आला.

"आता ओत."

ओतली. पुढचं सगळं वेगानं घडतं, त्यामुळे सांगायलाच जास्त वेळ लागतो. डाव्या हातानं तवा पुढे-मागे, उजव्या हातानं काट्याची पाठ अंड्यांतून गोल गोल. कडेला जमेल ते मधे ओढायचं, म्हणजे गुठळ्या रव्याएवढ्या बारीक राहतात. अंड्याचं पांढरं ६२-६३ अंशांना घट्ट व्हायला लागतं, पिवळं ६५ ते ७० च्या दरम्यान. म्हणजे मऊ आणि रबरी यांच्यात फार तर मूठभर अंशांचं अंतर आहे आणि ते मोजायला वेळ नाही. वरचा थर अजून ओला आणि चकाकता असतानाच हात थांबवायचा, कारण गॅस बंद केल्यावरही अंडं स्वतःच्याच उष्णतेनं शिजत राहतं. इथेच आपली सगळी मराठी शिकवण आडवी येते. लहानपणापासून कानावर काय पडलंय, तर "नीट होऊ दे", "कच्चं ठेवू नकोस", "जरा खरपूस कर". न झालेला पदार्थ झाला म्हणून उतरवायला हात धजत नाही. मी उतरवला. तवा तिरका केला, जवळची कड काट्यानं दुमडली, दांड्यावर मुठीनं दोन ठोके दिले, पलीकडची कड वर सरकली, तिला आत वळवलं आणि तवा ताटलीवर पालथा घातला.

पिवळं, गुळगुळीत, एकाही डागाशिवाय. एक टोक निमुळतं, दुसऱ्यानं निमुळतं व्हायचं मनावर घेतलं नव्हतं.

बायकोनं काट्यानं मधोमध चिरलं. आतून ते सावकाश बाहेर आलं.

"अहो, हे कच्चं आहे."

"कच्चं नाही, तसंच असतं."

"तसंच असतं म्हणजे कच्चंच असतं ना?"

तिच्या बाजूनं विज्ञान आहे हे मान्य करायला हवं. अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांनी पूर्ण शिजलेलं अंडंच खावं असं डॉक्टर सांगतात, आणि अंडी ताजी, न तडकलेली हवीत हे तर सगळ्यांनाच लागू. तिनं आपला अर्धा भाग उचलून परत तव्यावर घातला आणि दोन्हीकडून छान तांबूस करून आणला. वर तिखट-मीठ भुरभुरलं. तिचं झालेलं समाधान बघून मी एस्कॉफिएचं नाव काढलं नाही.

मुलीनं आपला वाटा तसाच खाल्ला आणि तिला सिनेमा आठवला. "बाबा, तो नाही का, हंड्रेड फूट जर्नी!" २०१४ चा. मुंबईत हॉटेल चालवणारं कदम कुटुंब फ्रान्समधल्या एका खेड्यात जातं, ओम पुरी बाप, समोरच्या बड्या फ्रेंच रेस्तराँची मालकीण हेलन मिरेन. ही बाई नोकरीला येणाऱ्या स्वयंपाक्याची परीक्षा एका ऑम्लेटवर घेते. कदमांचा हसन परीक्षा देतो तेव्हा त्याचे हात भाजलेले असतात, म्हणून तो सांगतो आणि ती करते. आणि तो त्यात आपला मसाला आणि कोथिंबीर घालायला लावतो. बाई एक घास खाते आणि पाघळते. सिनेमा म्हणून मला तो प्रसंग आवडतो, पण परीक्षा म्हणून ही शुद्ध लबाडी आहे. मसाला घातल्यावर ऑम्लेट चांगलं करणं आपल्याला कधी अवघड गेलंय?

तेवढ्यात बाहेरून प्रश्न आला, "एकाला अंडी किती घातलीस?"

"तीन."

"एकाला?"

हा प्रश्न इतिहासात एका माणसाला फार महागात पडला, असं म्हणतात. कोंडोर्से हा फ्रेंच गणिती. १७८५ साली त्यानं मतदानाच्या गणितावर ग्रंथ लिहिला. बहुमत स्वतःचीच कशी फसगत करून घेऊ शकतं हे त्यात दाखवून दिलं. पुढे क्रांतीत सत्ताधाऱ्यांशी बिनसलं, अटकेचा हुकूम निघाला, पॅरिसमध्ये एका विधवेच्या घरात कित्येक महिने लपला, आणि मार्च १७९४ मध्ये तिथून बाहेर पडला. भुकेला, पायी, क्लामार नावाच्या गावी एका खानावळीत शिरला. ऑम्लेट मागितलं. मालकानं विचारलं, किती अंड्यांचं? आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेल्या या उमरावानं ठोकून दिलं: बारा. सुतार असल्याचं सोंग त्यानं घेतलं होतं, पण बारा अंड्यांचं ऑम्लेट खाणारा सुतार त्या गावानं पाहिला नव्हता. लोकांना संशय आला, धरलं, आणि दोन दिवसांत तो कोठडीत मेलेला सापडला. अटक आणि मृत्यू ही नोंद आहे, बारा अंडी ही दंतकथा असेल. पण फ्रान्सनं ती जपून ठेवली आहे. मला वाटतं, त्या देशात संभाव्यतेचं गणित चुकलेलं खपवून घेतील, अंड्यांचं नाही. अर्थात जागा बघून. तूलूझजवळच्या बेसिएर गावात ईस्टरच्या सोमवारी पंधरा हजार अंड्यांचं ऑम्लेट करतात आणि त्याचं खापर नेपोलियनवर फोडतात. त्याला तिथलं ऑम्लेट आवडलं आणि त्यानं अख्ख्या सैन्यासाठी करायला लावलं, अशी आख्यायिका आहे. त्याला कुणी संशयावरून धरलं नाही.

ही सगळी हकिकत मी आईला दारात उभा राहून सांगितली. तिनं ऐकून घेतली. गणितज्ञाबद्दल तिला वाईट वाटलं. "बाईमाणूस घरात असतं तर सांगितलं असतं कुणीतरी," असं म्हणाली. मग वातींचा डबा बंद करत तिनं विचारलं, लोणी पुरलं का. पुरलं, म्हटलं. उरलं का? नाही उरलं.

"मग पुढच्या रविवारी करणार असशील तर बुधवारीच सांग," ती म्हणाली. "साय साठवायला लागते, विरजायला लागते. आयत्या वेळी मागितलंस तर निरांजनातलं नाही द्यायची."